जपानी शाळेंतील एक दिवस आणि आमची केरसुणी

परदेशांतून शिकून आलेल्या तरुणास आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो पदवी कोणती मिळाली हा, व दुसरा पगार किती मिळणार हा. तेथें त्याचा सबंध दिवस कसा जात असे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक एखाद्या राष्ट्राचें शिक्षण समजून घ्यावयाचें असेल, तर त्याच्या विद्यापीठांच्या इमारती व अभ्यासक्रमांच्या याद्या यांच्यापेक्षां तेथील विद्यार्थ्याचा दिनक्रम अधिक बोलका असतो. म्हणून विद्यार्थि-विनिमयाच्या योजनेनें जपानांत गेलेल्या मराठी विद्यार्थ्याचा एक दिवस आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. या दिवसांत पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग असा आहे कीं, आमच्या समाजसुधारणेच्या शंभर वर्षांच्या वादांतही जो प्रश्न सुटला नाहीं, त्याला तेथें रोज, कांहीं एक गाजावाजा न करतां, हात घातला जातो.

जपानकडे कुतूहलानें पाहण्याची आमची संवय जुनी आहे. १९०४-०५ च्या युद्धांत जपाननें रशियाचा पराभव केला, त्या वार्तेनें आमच्या देशांतील सुशिक्षितांचीं मनें हलून गेलीं. आणि त्याच सुमारास हुन्नरउद्योग शिकावयास आमचे तरुण त्या देशीं जाऊं लागले. तळेगांवास १९०८ सालीं पैसा फंडाचा कांचकारखाना निघाला, त्याची धुरा वाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं कांचेची विद्या जपानांत व अमेरिकेंत संपादन केली होती. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारें एक पुस्तक पडलें. १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं त्या धर्तीची कल्पना मांडली, व दुसऱ्याच वर्षीं पुण्याजवळ महिला विद्यापीठ सुरू झालें. जपान सरकारनें परदेशी विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्ति १९५४ सालीं सुरू केली. आणि २०१८ मध्यें तेथील शिक्षणखात्यानें आशियांतील वीस देशांतून, पांच वर्षांत सुमारें एक हजार शालेय विद्यार्थी आपल्या माध्यमिक शाळांत आणण्याची योजना हातीं घेतली. भारतांतील मुलेंही त्या योजनेनें गेलीं. या मुलांस पदवी मिळत नाहीं. तीं जपानी कुटुंबांत राहतात, जपानी शाळेचा गणवेष घालतात आणि परत येतात. त्यांच्या शिक्षणाचा हिशेब मांडावयाचा तर तो त्यांच्या दिवसांतच मांडला पाहिजे.

पुढें वर्णिलेला दिवस कोणा एका व्यक्तीचा नव्हे; अशा विद्यार्थ्यांचा तेथें जो सामान्य क्रम असतो त्यावरून तो घेतला आहे. ज्या शहरांतील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पुण्यास पु. ल. देशपांडे उद्यान उभें राहिलें, त्या ओकायामासारख्या एखाद्या शहरीं सोळा-सतरा वर्षांचा आमचा विद्यार्थी राहतो असें समजावें.

सकाळीं साडेसहाला तो उठतो. घरच्या बाईंना तो 'ओकाआसान्', म्हणजे आई, म्हणतो. न्याहारीस भात, मिसोचें सार, लोणचें व अंडें. शाकाहारी घरांतील मुलाची पहिली परीक्षा येथेंच होते, कारण त्या साराचें पाणी बहुधा सुक्या माशांच्या कापांवर उकळलेलें असतें. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या एका पेला चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झालें होतें. आज त्याच पुण्यांतील मुलगा कोणत्याही प्रायश्चित्ताची चिंता न करतां परक्या घरीं जेवतो, आणि मासे चालत नसतील तर तसें नम्रपणें सांगतो. घरची आई त्याच्यासाठीं समुद्रांतील शेवाळाचें पाणी वापरून वेगळें सार करते. एवढा पालट आमच्या समाजांत खास झाला आहे, व तो लहान नाहीं.

घराबाहेर पडतांना तो 'इत्तेकिमास्' म्हणतो. त्याचा अर्थ 'जाऊन येतों' असा आहे, आणि घरांतून उत्तर येतें त्याचा अर्थ 'जाऊन ये'. निघतांना 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणावें, हें ज्याच्या आजीनें त्याला शिकविलें त्या मुलाला हे दोन शब्द पाठ करावे लागत नाहींत.

सायकलीनें शाळेंत गेल्यावर दाराशींच जोडे ठेवण्याचे कप्पे असतात. बाहेरचे जोडे तेथें काढून शाळेंतील स्वतंत्र सपाता घालावयाच्या. घरांत व देवळांत जोडे न नेण्याचा आचार आम्हांसही आहे. त्यांनीं तो विद्यालयासही लागू केला, इतकाच फरक. वर्गांत चाळिसापर्यंत मुलें. शिक्षक येतांच सर्वांनीं उठून वांकावयाचें, तास संपतांच पुन्हा वांकावयाचें. पन्नास मिनिटांचा एक, असे बहुधा सहा तास.

भाषेचें संकट मोठें आहे. दोन वर्णमाला प्रत्येकीं सेहेचाळीस मूळ अक्षरांच्या, आणि त्यांवर चिनी चित्रलिपीचीं २१३६ चिन्हें, जीं नित्य व्यवहारांत आवश्यक म्हणून जपान सरकारनें २०१० सालीं ठरवून दिलीं आहेत. तथापि मराठी मुलास येथें एक सोय आहे. जपानी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, आणि आमच्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणें संबंध दाखविणारे शब्द नामाच्या मागून लागतात. म्हणून 'मी शाळेस जातों' हें वाक्य त्याला उलटें करावें लागत नाहीं. त्यांच्या अक्षरमालेचा अ, इ, उ, ए, ओ व पुढें क-वर्ग हा क्रमही बौद्ध पंडितांनीं तेथें नेलेल्या संस्कृत वर्णविचाराच्या वळणावर बसलेला आहे. ज्या देशाची लिपि पाहून आमचा विद्यार्थी पहिल्या दिवशीं घाबरतो, त्या लिपीच्या ओळींत त्याच्याच बाराखडीचें हाड आहे, हें कळल्यावर त्याची भीति बरीच ओसरते.

दुपारीं वर्गांतच जेवण होतें. हात जोडून सर्वांनीं 'इतादाकिमास्', म्हणजे 'मी हें स्वीकारतों', असें म्हटल्यावांचून घास घेत नाहींत. वरच्या शाळांत मुलें घरून डबा आणतात. परंतु प्राथमिक शाळेंत जेवण शाळाच देते, आणि तेथील रीत अधिक बोधप्रद आहे. गरीब मुलांसाठीं शाळेंत जेवण देण्यास तेथें १८८९ सालीं यामागाता प्रांतांतील त्सुरुओका गांवीं आरंभ झाला, व १९५४ मध्यें त्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. पाळी असलेलीं मुलें पांढरे अंगरखे, टोप्या व तोंडावर फडकीं बांधून भाताचीं व साराचीं भांडीं वर्गांत आणतात आणि आपल्या सोबत्यांस वाढतात. डॉक्टरच्या मुलास मजुराचा मुलगा वाढतो, आणि पुढच्या आठवड्यांत मजुराच्या मुलास डॉक्टरचा मुलगा वाढतो. शिक्षक तेंच अन्न त्यांच्याबरोबर बसून खातात. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं शाळांत शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला, तो उपकारक ठरला यांत शंका नाहीं. परंतु वीस वर्षांनीं, २०२१ मध्यें, उत्तराखंडांतील चंपावत जिल्ह्यांत दलित स्वयंपाकिणीच्या हातचें अन्न मुलांनीं नाकारल्याची बातमी आम्हांस वाचावी लागली. अन्न ताटापर्यंत पोंचविणें हुकमानें साधतें. तें कोणाच्या हातचें आहे हा विचार मनांतून काढण्यास दुसरें कांहीं लागतें.

तें दुसरें काय, हें तास संपल्यावर दिसतें. घंटा होते किंवा गाणें लागतें, आणि सारी शाळा केर काढूं लागते. बांकें एका बाजूस सरकवितात. कोणी केरसुणी घेतो, कोणी ओल्या फडक्यानें गुडघ्यांवर बसून जमीन पुसतो, कोणी फळा स्वच्छ करतो, कोणी जिना धरतो. कित्येक शाळांत शौचालयेंही मुलेंच धुतात. वर्गाच्या लहान लहान टोळ्या केलेल्या असतात, व भिंतीवर पुठ्ठ्याचें एक फिरतें चक्र असतें. तें एक घर पुढें सरकलें कीं, काल ज्यानें फळा पुसला त्याच्याकडे आज शौचालय येतें. शिक्षकही हातीं फडकें घेतात. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतें. कोणाला शाबासकी नाहीं, कारण हें पुण्यकर्म नव्हे. कोणाला लाज नाहीं, कारण ही शिक्षाही नव्हे. तेथील शिक्षणखात्याच्या अभ्यासक्रमांत वर्गसभा, सहली, समारंभ यांच्याबरोबर अशा कामांचीही जागा 'विशेष उपक्रम' या नांवाखालीं आहे. म्हणजे केरसुणी तेथें गणिताप्रमाणें शाळेच्या शिक्षणाचाच एक भाग आहे.

आमच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथें होते. त्याच्या घरीं केर काढावयास मोलकरीण येते, शौचालय साफ करणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याला चहा देण्याचा कप कित्येक घरीं अजूनही वेगळा असतो. मुलाला केरसुणी नीट धरतांही येत नाहीं. त्याच्याबरोबर गेलेली मराठी मुलगी हें काम सहज करते; तिला तें स्वभावतः येतें म्हणून नव्हे, तर घरीं भाऊ अभ्यास करीत असतां केर तिला काढावा लागला म्हणून. जपानी वर्गांत मात्र तिच्या शेजारीं मुलगाही गुडघ्यांवर बसून जमीन पुसतो. जातीनें वांटलेलें काम आणि लिंगानें वांटलेलें काम, या आमच्या दोन जुन्या वांटण्या त्या भिंतीवरील चक्रानें एकाच वेळीं मोडून पडतात.

आमचें कायद्याचें पुस्तक या बाबतींत कोणत्याही देशापुढें लाजण्यासारखें नाहीं. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ सालीं तिच्या आचरणास शिक्षा ठरविली. हातानें मैला वाहण्याची चाल १९९३ व पुन्हा २०१३ च्या कायद्यानें बंद केली. गटारांत उतरून मेलेल्यांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें, व २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाख केली. रक्कम तिप्पट करावी लागली, यावरूनच माणसें मरावयाचीं थांबलीं नाहींत हें उघड होतें. वकिलीच्या धंद्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस हें सांगावयास नको कीं, कायदा हातांत बेडी घालूं शकतो, परंतु त्याच हातांत केरसुणी देणें त्याला साधत नाहीं. तें काम शाळेचें आहे, आणि तें सातव्या वर्षीं झालें तरच होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही परक्यांची रीत आमच्या गळ्यांत कां बांधतां? त्यास आमचें उत्तर असें कीं, केरसुणीची महती आम्हांस जपानपासून शिकण्याची गरज मुळींच नव्हती. गाडगेमहाराज गांवांत शिरत ते हातीं खराटा घेऊन. दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडीत. सेनापति बापटांनीं पारनेरास रस्ते स्वतः झाडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र ठेवून त्यांजकडून स्वयंपाकापासून शेतापर्यंत सारें काम करविलें. आम्ही काय केलें? महाराजांच्या खराट्याची तसबीर भिंतीवर लावली, त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धा भरविल्या, पुण्यतिथीस पुढारी नवी केरसुणी घेऊन छायाचित्रापुरते रस्त्यावर आले. आम्हीं खराट्याची पूजा केली. जपाननें त्याला वेळापत्रकांत घातलें. पूजेस वर्षांतून एक दिवस पुरतो. वेळापत्रकांतून सुटका नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो दलित पालकांकडून येतो. ते म्हणतात, आमच्या मुलांच्या हातून केरसुणी सुटावी म्हणून आम्हीं त्यांना शाळेंत घातलें, आणि तुम्ही शाळेंतच त्यांच्या हातीं ती पुन्हा देणार काय? हा राग न्याय्य आहे. आमच्या शाळांत झाडलोट करविली जाते, परंतु ती कोणाकडून, हेंच दुखणें आहे. २०२२ सालीं तामिळनाडूंतील ईरोड जिल्ह्यांत दलित मुलांकडूनच शौचालय साफ करवून घेतल्याच्या आरोपावरून एका मुख्याध्यापिकेस अटक झाली. निवडक मुलांस दिलेली केरसुणी म्हणजे जुन्या गुलामगिरीची उजळणी होय. म्हणून जपानी रीतींतील सारभूत वस्तु ती केरसुणी नव्हे, तें चक्र आहे. चक्रांत सर्वांचीं नांवें असतील, मुख्याध्यापकांचेंही असेल, तरच केरसुणी घ्यावी. एक नांव गाळलें तर ती ठेवून द्यावी.

शाळा सुटल्यानंतरही आमचा विद्यार्थी घरीं जात नाहीं. धनुर्विद्या, केंदो, बेसबॉल, वाद्यवृंद, चहाचा विधि, यांपैकीं ज्या मंडळांत तो असेल त्याची तालीम सहा वाजेपर्यंत चालते. घरीं परतल्यावर 'तादाइमा', म्हणजे 'आतां आलों', म्हणावयाचें. जेवणानंतर स्नान. आधीं बाहेर बसून अंग साबणानें स्वच्छ धुवावयाचें, आणि मग ऊन पाण्याच्या टांकींत बसावयाचें. त्याच पाण्यांत घरचीं सर्व माणसें एकामागून एक उतरतात, आणि कित्येक घरीं पाहुण्यास पहिला मान देतात. सोंवळें आणि स्वच्छता यांतील भेद आमच्या धर्मचर्चांतून जितका स्पष्ट झाला नाहीं, तितका त्या टांकीच्या कांठीं होतो. सोंवळ्यास दुसरा माणूस दूर लागतो; स्वच्छतेस फक्त साबण व पाणी लागतें. दहा-साडेदहाला शंभर-दीडशें चित्राक्षरें घोटून तो झोपीं जातो.

हें सर्व वाचून जपान म्हणजे स्वर्ग अशी कोणाची समजूत होऊं नये. त्या वर्गांत मुलें बहुधा प्रश्न विचारीत नाहींत, आणि मौनाला शिस्त समजण्याची खोड आमच्या विद्यार्थ्यानें तेथून आणूं नये. ओसाका प्रांतांतील एका विद्यार्थिनीनें, आपले जन्मतः तपकिरी केंस काळे रंगविण्याची सक्ति शाळेनें केली म्हणून, २०१७ सालीं दावा लावला. २०२१ मध्यें न्यायालयानें केंसांचा नियम कायदेशीर ठरविला, परंतु पटावरून तिचें नांव व वर्गांतून तिचें आसन काढल्याबद्दल तिला ३,३०,००० येन भरपाई देवविली. शिक्षकांचे हाल वेगळेच आहेत: २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणींत कनिष्ठ माध्यमिक शाळेंतील जपानी शिक्षक आठवड्यास ५६ तास काम करतांना आढळला, व ही संख्या पाहणींतील सर्व देशांत अधिक होती.

याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, जपानासही आपली अस्पृश्यता आहे. कातडीं कमावणारे व मृत जनावरें ओढणारे यांच्या वस्त्या तेथेंही वेगळ्या होत्या. १८७१ च्या फर्मानानें त्यांचा हीन दर्जा कायद्यांतून काढला; तथापि लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं, म्हणून १९२२ सालीं क्योतो येथें त्यांनीं आपली 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, उभारली. आणि २०१६ सालीं, फर्मानानंतर १४५ वर्षांनीं, त्यांच्याविरुद्ध होणाऱ्या भेदाच्या निवारणासाठीं पार्लमेंटास पुन्हा कायदा करावा लागला. लग्न ठरवितांना मूळ वस्तीची गुप्त चौकशी करणारे तेथेंही निघाले. अर्थात् शाळेंतील पंधरा मिनिटांनीं सर्व कांहीं साधतें, असा आमचा दावा नाहीं. ज्या समाजांत हीं पंधरा मिनिटें आहेत तेथेंही भेद चिवटपणें टिकतो. मग ज्या समाजांत तीं नाहींत त्याची गति काय, एवढेंच वाचकांनीं मनाशीं ताडून पाहावें.

ही रीत दुसऱ्या भूमींत रुजते काय, याचा प्रयोगही सुरू आहे. इजिप्त देशानें २०१६ सालीं जपानशीं शिक्षणविषयक करार केला, व २०१८ पासून तेथें ज्या नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या त्यांत मुलांनीं स्वतः वर्ग झाडणें, पाळीपाळीनें वर्गाची सूत्रें सांभाळणें, हे पाठ घातले आहेत. इजिप्त करूं शकतो, तर ज्या प्रांतानें गाडगेबाबा व भाऊराव निर्माण केले त्याला हें कां साधूं नये?

आमची सूचना स्पष्ट आहे. महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळेनें, मग ती जिल्हा परिषदेची असो कीं लाखांची फी घेणारी असो, रोज पंधरा मिनिटें झाडलोटीस द्यावीं. पाळीच्या पत्रकांत प्रत्येक मुलाचें, मुलीचें व शिक्षकाचें नांव असावें, आणि जात, लिंग वा फी यांवरून कोणासही सूट नसावी. हें काम शिक्षा म्हणून कधींही देऊं नये. पाणी, साबण, हातमोजे व लांब दांड्याचे ब्रश शाळेनें पुरवावे. सफाईचे पगारी सेवक कमी करण्याचें निमित्त म्हणून या पाळीचा उपयोग होऊं नये. त्यांना योग्य वेतन व मान मिळावा, आणि गटारांत माणूस उतरविणें तर सर्वस्वी यंत्राकडे जावें. श्रीमंत शाळांचे पालक सर्वांत मोठ्यानें ओरडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांच्याच मुलांस या पाठाची सर्वांत अधिक गरज आहे.

जपानांतून परत येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या कामीं पुढाकार घ्यावा. तेथल्या वर्षाचें प्रमाणपत्र त्यांनीं खुशाल भिंतीवर लावावें. परंतु आपण तेथें काय शिकलों हें दाखवावयाचें असेल तर पहिल्याच सकाळीं घरच्या मोलकरणीच्या हातची केरसुणी मागून घ्यावी, तिला चहा घरच्या कपांतून द्यावा, आणि आई-वडील काय म्हणतात तें शांतपणें ऐकून केर काढावयास लागावें. राष्ट्राची उन्नति तोफांनीं व कारखान्यांनीं होते असें १९०५ सालीं जपानकडे पाहून आम्हांस वाटलें. ज्या राष्ट्रांत स्वतःची घाण स्वतः काढण्याची लाज कोणास वाटत नाहीं, त्याच राष्ट्रांत एकाला दुसऱ्याची घाण जन्मभर वाहावी लागत नाहीं. आणि ही गोष्ट साधावयास आमच्या शाळांस ना परदेशी भांडवल लागतें, ना सरकारची परवानगी.